कामाचा शीण आणि मनाचा शीण

सावरगावचे नाव काढले की बहुतेकांना गोटमार आठवते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या एका तीरावर पांढुर्ण्याचे आणि दुसऱ्या तीरावर सावरगावचे लोक उभे राहतात, पात्राच्या मध्यभागी पळसाचे झाड रोवले जाते, आणि ते हस्तगत करण्यासाठी दोन्ही बाजूंनी दगडांचा वर्षाव होतो. दरवर्षी कित्येक डोकी फुटतात. म्हणून त्या दिवशी नदीकाठी डॉक्टर, औषधे आणि मलमपट्टी ह्यांची तजवीज आधीच करून ठेवलेली असते. त्या प्रथेच्या बऱ्यावाईटाची चर्चा येथे करावयाची नाही. परंतु एक विचार मनात आल्यावाचून राहत नाही. ज्या जखमेतून रक्त वाहते तिच्यासाठी आपण आधीच तंबू उभारतो. मग जिच्यातून रक्त येत नाही अशा जखमेसाठी वर्षाच्या इतर दिवशी कोठे जावयाचे, हे चाळिशी ओलांडलेल्या किती स्त्रीपुरुषांना ठाऊक आहे?

कामाच्या ओझ्याने मनाला येणारा शीण, ही ती दुसरी जखम होय. शहरातील कचेऱ्यांत पंख्याखाली बसणाऱ्यांचे हे दुखणे, मोकळ्या हवेत घाम गाळणाऱ्या माणसाला ते कोठून होणार, असा आपल्याकडे एक समज आहे. तो खरा नाही. सावरगाव-पांढुर्ण्याच्या परिसरात पाहावे. कोणी संत्र्याची बाग आणि कपाशी सांभाळतो. कोणी सौंसर तालुक्यातील बोरगावच्या कारखान्यांत दिवसपाळी-रात्रपाळी करतो. कोणी शाळेत शिकवतो, कोणी नागपूर-इटारसी लोहमार्गावर नोकरीस आहे. कोणी अंगणवाडी चालवते, कोणी घरोघर फिरून आशाताईचे काम करते, आणि कोणी दुसऱ्याच्या शेतात रोजाने जाते. ह्यांतील प्रत्येकाचे काम निराळे, पण पंचेचाळीस-पन्नाशीच्या सुमारास त्यांच्या बोलण्यातून एकच सूर ऐकू येऊ लागतो.

संत्र्याच्या बागाईतदाराला ‘ताण’ हा शब्द नव्याने शिकवावा लागत नाही. आंबिया बहार घ्यावयाचा असला म्हणजे तो हिवाळ्यात, डिसेंबरच्या सुमारास, बागेचे पाणी तोडतो; मृग बहारासाठी हेच तो उन्हाळ्यात करतो. झाड काही दिवस पाण्यावाचून राहते, त्याची वाढ थांबते, पाने मलूल होतात, आणि मग पुन्हा पाणी मिळाले की ते फुलांनी लहडून येते. ताणावाचून बहार नाही. मात्र तो किती द्यावयाचा ह्याला माप आहे. हलक्या जमिनीत दिवस कमी, भारी काळ्या जमिनीत अधिक. माप चुकले तर पानगळ होते, फांद्या शेंड्याकडून वाळत येतात, आणि त्या झाडाचा केवळ एक नव्हे तर पुढचेही हंगाम वाया जातात. ताण तोडतानाही पहिले पाणी बेताचेच द्यावे लागते.

मनुष्यप्राण्याविषयी शास्त्रज्ञांनी जे सांगितले ते ह्याहून फार निराळे नाही. १९०८ साली अमेरिकेतील यर्क्स व डॉडसन ह्या दोघांनी उंदरांवर प्रयोग करून दाखविले की, थोडी उत्तेजना असली म्हणजे शिकणे सुधारते, पण काम अवघड असताना तीच उत्तेजना मर्यादेबाहेर गेली की बिघडते. पुढे १९३६ साली माँट्रियल येथे हान्स सेली ह्यांनी असे दाखवून दिले की, आघात कोणताही असो, शरीर त्याला ठराविक रीतीने तोंड देते. प्रथम ते खडबडून जागे होते. मग नेटाने टिकून राहते. आणि आघात थांबलाच नाही तर अखेरीस थकून पडते. चाळिशी-पन्नाशीतील माणसाचे दुर्दैव हे की, त्याची दुसरी अवस्था फार लांब चालते. वीस-वीस वर्षे तो नेटाने टिकून राहिलेला असतो. त्यामुळे तो थकला आहे हे कोणाच्या ध्यानात येत नाही, आणि पुष्कळदा त्याच्या स्वतःच्याही येत नाही.

कामाचे ओझे जास्त म्हणून माणूस खचतो, एवढेच म्हणून भागत नाही. पुष्कळ काम करूनही आनंदी असणारी माणसे आपण पाहतोच. रॉबर्ट कॅरासेक नावाच्या अमेरिकन संशोधकाने १९७९ साली ह्याचा उलगडा असा केला की, काम पुष्कळ आणि ते केव्हा, कसे करावे ह्यावर आपला अधिकार थोडा, अशी स्थिती सर्वांत घातक असते. लंडनमधील सरकारी नोकरांची पाहणी १९६७ पासून सुरू झाली, तिचा निष्कर्षही ह्याच दिशेने जातो. सर्वांत वरच्या अधिकाऱ्यांवर जबाबदारीचे ओझे मोठे, म्हणून हृदयविकार त्यांनाच अधिक होत असेल, असे लोक समजत. प्रत्यक्षात सर्वांत खालच्या श्रेणीतील पुरुषांचा मृत्युदर वरच्यांच्या सुमारे तिप्पट निघाला. त्या फरकात तंबाखू, गरिबी इत्यादी गोष्टींचा वाटा होता, पण त्या वजा घातल्या तरी फरक उरतच होता.

हे माप आपल्या शेतकऱ्याला लावून पाहा. पाणी केव्हा तोडावयाचे हे त्याच्या हाती आहे. पण गारपीट त्याच्या हाती नाही, फळगळ नाही, वीज रात्रीच्या कोणत्या प्रहरी येईल हे नाही, आणि झाडावरचा बहार उक्ता घेणारा व्यापारी कोणता भाव बोलेल हेही नाही. संत्र्याचे झाड लावल्यापासून पाच-सहा वर्षांनी फळ देऊ लागते. तितकी वर्षे पदरचा पैसा आणि कर्ज त्यात घालून झाल्यावर एका दुपारच्या गारांनी सर्व जमीनदोस्त झाले, तर त्या माणसाला ‘धीर धर’ म्हणणे सोपे असते. त्याच्या कामाला सुट्टी नसते, आणि तासांचा हिशेब तर कधीच नसतो. जागतिक आरोग्य संघटना व आंतरराष्ट्रीय श्रम संघटना ह्यांनी २०२१ साली जाहीर केले की, आठवड्याला ५५ वा अधिक तास काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांपेक्षा पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी अधिक असतो. हंगामात ५५ तास कामाचा शेतकरी आपल्याकडे सुखी म्हणावा लागेल.

आता ह्या दुखण्याची ओळख कशी पटवावी? येथेच आपली गाडी अडते. ‘माझे मन आजारी आहे’ असे गावातील माणूस कधी म्हणत नाही. तो म्हणतो, डोके जड झाले आहे. छातीत धडधडते. पोटात गोळा येतो. हातापायांत बळ नाही. रात्री दोन वाजता जाग येते आणि मग डोळ्याला डोळा लागत नाही. जेवण गोड लागत नाही. कानात सूं-सूं आवाज येतो. ही सोंगे नव्हेत. ही दुखणी त्याला खरोखरीच होत असतात. तो पांढुर्ण्याच्या दवाखान्यात जातो, सलाईन लावून घेतो, ताकदीच्या गोळ्या आणतो, छातीचा आलेख काढून घेतो. आलेख निर्दोष निघाला की घरचे म्हणतात, ‘काहीएक झालेले नाही, उगीच मनाला लावून घेतो.’ वस्तुतः त्यांनी त्या एका वाक्यात अचूक निदान केलेले असते. फक्त त्यातील ‘उगीच’ हा शब्द चुकीचा असतो.

अर्थात प्रत्येक थकवा मनाचाच, असा उलट आग्रहही धरू नये. रक्त कमी असणे, थायरॉइड ग्रंथीचा बिघाड, मधुमेह ह्यांमुळेही माणूस असाच मरगळतो, आणि स्त्रियांच्या बाबतीत पाळी जाण्याच्या काळात झोप व चित्त दोन्ही अस्थिर होतात. तेव्हा प्रथम रक्ताची तपासणी करून घेणे शहाणपणाचे होय. ती झाल्यावर दोन प्रश्न विचारावे, जे जगभर डॉक्टर विचारतात: गेल्या दोन आठवड्यांत, कोणत्याही कामात गोडी वा रस वाटेनासा झाला आहे, असे वारंवार झाले काय? आणि मन खिन्न, उदास वा निराश राहिले काय? दोहोंपैकी एकाचेही उत्तर ‘बहुतेक दिवस’ असे आले, तर पुढील तपासणी हवी. नोकरीतील दीर्घ ताणाने येणाऱ्या थकव्याला जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या रोगसूचीत स्वतंत्र नाव दिले असून ती सूची २०२२ पासून अमलात आहे. मात्र त्या थकव्याला तिने रोग म्हटलेले नाही. कामाच्या ठिकाणी निर्माण होणारी अवस्था म्हटले आहे. शक्ती संपल्याची भावना, कामापासून मन दुरावणे व त्याविषयी कडवटपणा, आणि हातून काही नीट होत नाही असे वाटणे, ही तिची तीन लक्षणे. उदासीनतेचा आजार ह्याहून निराळा. तो कामापुरता राहत नाही. तो घरात, सणात, नातवंडांच्या हसण्यातही माणसाचा पाठलाग करतो.

स्त्रियांविषयी थोडे अधिक लिहिले पाहिजे, कारण त्यांच्या कामाला काम म्हणण्याचीही आपली तयारी नसते. भारत सरकारने २०१९ साली देशभर वेळेच्या विनियोगाची पाहणी केली. घरातील बिनपगारी कामे करणाऱ्या स्त्रिया त्यांवर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे, म्हणजे जवळजवळ पाच तास, खर्च करतात असे दिसून आले. अशी कामे करणाऱ्या पुरुषांची सरासरी ९७ मिनिटे निघाली, आणि मुळात तशी कामे करणारे पुरुष चारांत एकच होते. हे पाच तास शेतातील निंदणी-वेचणीच्या किंवा नोकरीच्या आधी व नंतरचे.

अंगणवाडी सेविकेचे उदाहरण घ्या. ही योजना १९७५ साली सुरू झाली, आणि आशा कार्यकर्तीची २००५ साली. दोघींनाही पगार नव्हे तर मानधन मिळते. पोरांना खाऊ घालणे, त्यांचे वजन करणे, गरोदर बाईच्या घरी जाणे, लसीकरणाच्या दिवशी माणसे गोळा करणे, हे त्यांचे मूळ काम. २०२१ पासून अंगणवाडीतील सर्व नोंदी मोबाइलवरील ‘पोषण ट्रॅकर’मध्ये भरावयाच्या असतात. पन्नाशीची बाई, जिने पंचवीस वर्षे वह्यांत सुरेख अक्षरात नोंदी ठेवल्या, ती आता अंगणाच्या कोपऱ्यात मोबाइल उंच धरून जाळे शोधत उभी असते, आणि संध्याकाळी वरिष्ठांचा फोन येतो की आजचे आकडे दिसत नाहीत. पोर उपाशी राहिले नाही, पण आकडा राहिला! घरी सासूचे गुडघे, मुलीचे लग्न, नवऱ्याचे कर्ज. तिला कोणी विचारीत नाही, कारण सर्वांना विचारणारी तीच असते.

पुरुषाचे दुखणे बहुधा दुसऱ्याच वेषात बाहेर पडते. तो रडत नाही, चिडतो. ताटावरून उठतो, बैलावर किंवा पोरावर हात टाकतो, नातलगांकडे जाणे सोडतो, बोलणे कमी करतो. आणि पुष्कळ ठिकाणी तो दारूकडे वळतो. झोप यावी म्हणून घेतलेली पहिली पेली काही दिवस झोप देतेही. परंतु दारूची झोप उथळ असते, पहाटे ती मोडते, आणि दुसऱ्या दिवशीची उदासी अधिक दाट होते. घरच्यांस केवळ दारू दिसते, तिच्याखालचे दुखणे दिसत नाही. दारू सोडविण्याची शपथ घालून दुखण्याला हातच लावला नाही, तर शपथ किती दिवस टिकणार?

हे सर्व कोठवर जाऊ शकते, तेही सांगणे भाग आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात १,७०,९२४ माणसांनी स्वतःचे जीवन संपविले. त्यांत शेतकरी व शेतमजूर मिळून ११,२९० होते. कारणे नेहमी एकाहून अधिक असतात: कर्ज, आजार, घरचा कलह, पिकाची नासाडी. तरीही उपचार होण्याजोगे मनाचे दुखणे त्यांत पुष्कळदा असते, आणि ते वेळीच ओळखले गेले तर माणूस वाचतो. एखादा माणूस ‘मी नसलेलाच बरा’ असे बोलू लागला, निरवानिरव करू लागला, तर ते बोलणे हसण्यावारी नेऊ नये. त्याला सरळ, शांतपणे विचारावे. विचारल्याने तो विचार त्याच्या डोक्यात शिरतो ही भीती निराधार आहे. त्याला एकटे ठेवू नये, आणि घरातील कीटकनाशके कुलपात ठेवून किल्ली दुसऱ्याकडे द्यावी. ही लहानशी गोष्ट वाटते, पण संकटाची ती घटका बहुधा थोडा वेळच टिकते, आणि तेवढा वेळ मिळाला की पुष्कळजण परततात.

ह्या विषयाभोवतीची लाज दूर होण्यास कायद्याला व धर्मालाही वेळ लागला. १८६० च्या दंडसंहितेने आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा ठरविला होता. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने अशा माणसाला तीव्र ताण होता असे धरून चालावे व त्याची काळजी घेण्याची जबाबदारी सरकारची आहे असे सांगितले, आणि १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या न्यायसंहितेत ते जुने सरसकट कलम राहिले नाही. आपल्या ख्रिस्तसभेच्या १९१७ च्या धर्मसंहितेत जाणूनबुजून जीव देणाऱ्यास ख्रिस्ती दफन नाकारले जाई. १९८३ च्या संहितेत तो नियम नाही, आणि १९९२ च्या धर्मशिक्षण-ग्रंथाने स्पष्ट म्हटले की, तीव्र मानसिक व्यथा माणसाची जबाबदारी कमी करते, व अशांच्या तारणाविषयी निराश होऊ नये. जुनी माणसे अजूनही जुन्या नियमाच्या धाकात असतात, म्हणून हे येथे मुद्दाम नोंदविले.

किती लोकांना हे दुखणे आहे? बंगळूरच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने २०१५-१६ साली बारा राज्यांत मोठी पाहणी केली. मध्यप्रदेश त्यांत होता. दर शंभर प्रौढांपैकी दहा-अकरांना त्या वेळी कोणता ना कोणता मनाचा आजार होता, आणि उदासीनतेचे प्रमाण ४० ते ४९ ह्या वयोगटात अधिक दिसले. ह्या आजाराच्या शंभर रोग्यांपैकी सुमारे पंच्याऐंशींपर्यंत उपचार पोचलेलाच नव्हता. मनोविकारतज्ज्ञ थोडे, ते मोठ्या शहरांत, आणि खेडे दूर. मग ह्यावर इलाज तरी कोणता?

इलाज सावरगावपासून फार दूर नव्हे, शेजारच्या अमरावती जिल्ह्यातच करून पाहिला गेला. तेथील तीस गावांत ‘विश्राम’ नावाचा प्रकल्प राबविण्यात आला. ‘संगाथ’ ही गोव्यात १९९६ साली स्थापन झालेली संस्था त्यात पुढाकार घेणारी होती, आणि डॉ. राहुल शिधये व डॉ. विक्रम पटेल हे त्याच्या प्रमुख संशोधकांत होते. कल्पना साधी होती. गावोगावी डॉक्टर बसविणे शक्य नाही, तर गावातीलच माणसांना शिकवून तयार करावयाचे. त्यांनी बैठका घेतल्या, दुखण्याची लक्षणे लोकांच्या भाषेत सांगितली, दारूविषयी बोलले, आणि ज्याला गरज दिसली त्याच्या घरी गेले. किरकोळ दुखण्याला समुपदेशक पुरे. ज्याला औषध हवे त्याला मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवावयाचे.

दीड वर्षानंतर पाहणी केली तेव्हा काय दिसले? उदासीनतेने आजारी असलेल्यांपैकी आधी शंभरांत केवळ चार जण (नेमके सांगावयाचे तर ४.३ टक्के) मदत घेत होते, ते प्रमाण २७.२ टक्क्यांवर गेले. गेल्या वर्षभरात जीव देण्याचा विचार मनात आला असे सांगणाऱ्यांचे प्रमाण ५.२ वरून २.५ टक्क्यांवर आले. हे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. तुलनेसाठी दुसरी गावे घेतलेली नव्हती, म्हणून सर्व फरकाचे श्रेय प्रकल्पालाच देणे घाईचे होईल. एखादे बरे पीकही त्यात भर घालू शकते. तरी एवढे निश्चित की, ‘आपले लोक असल्या गोष्टी बोलत नाहीत’ हे आपले आवडते वाक्य त्या तीस गावांनी खोटे पाडले. लोक बोलतात. त्यांना विचारावे लागते, आणि विचारणारा आपल्या ओळखीचा असावा लागतो.

गोव्यातील दहा आरोग्यकेंद्रांत ह्याच संस्थेने अधिक काटेकोर प्रयोग केला. तीव्र उदासीनता असलेल्या सुमारे पाचशे रोग्यांचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गट केले. एकाला नेहमीची वैद्यकीय सेवा, तर दुसऱ्याला तिच्या जोडीला सहा ते आठ भेटी, त्याही डॉक्टरच्या नव्हे, तर प्रशिक्षण दिलेल्या सामान्य माणसाच्या. तीन महिन्यांनी पहिल्या गटातील ३९ टक्के आणि दुसऱ्यातील ६४ टक्के रोगी आजारातून बाहेर आलेले होते. त्या भेटींत मोठे तत्त्वज्ञान सांगत नसत. पूर्वी कोणत्या गोष्टीत मन रमत होते, ती केव्हापासून सुटली, ह्या आठवड्यात तिचा लहानसा भाग पुन्हा सुरू करता येईल काय, असे विचारीत. सकाळी बागेच्या बांधावर दहा मिनिटे चालणे. बहिणीला फोन करणे. थांबविलेले भजन पुन्हा धरणे. मन बरे झाल्यावर काम करू असे रोगी म्हणतो. येथे उलट सांगितले जाते की, आधी थोडे हातपाय हलव, मन मागून येईल. आपल्या आजीने हेच सांगितले असते, असे वाचकाच्या मनात येईल. आजी ‘ऊठ’ म्हणून सांगत असे. समुपदेशक किती उठावयाचे ते ठरवून देतो आणि पुढच्या आठवड्यात येऊन विचारतो. फरक आहे तो इतकाच, पण तो मोठा आहे.

महाराष्ट्र शासनाने २०१५ साली विदर्भ-मराठवाड्यातील चौदा जिल्ह्यांसाठी ‘प्रेरणा प्रकल्प’ काढला. त्यात आशाताईंनी शेतकरी कुटुंबांना भेटून ठराविक प्रश्न विचारावे व गरजूंना जिल्हा रुग्णालयात पाठवावे, अशी योजना होती. सावरगावच्या वाचकाच्या मनात येथे कळ उठेल. वरुडची संत्री आणि पांढुर्ण्याची संत्री एकाच जातीची. बोली एक, सोयरिकी एक, कपाशीवरची कीड एक. १९५६ पर्यंत नागपूर व छिंदवाडा हे जिल्हे एकाच राज्यात होते. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात राज्ये नव्याने आखली गेली, आणि तेव्हापासून पलीकडच्या शासनाची योजना सीमेवरच्या दगडापाशी थांबते. २०२३ साली पांढुर्णा व सौंसर मिळून स्वतंत्र जिल्हा झाला. नव्या जिल्ह्याच्या कारभाऱ्यांपाशी ग्रामसभांनी रस्ते आणि नाल्या मागाव्या, त्याचप्रमाणे अमरावतीच्या त्या तीस गावांसारखी शिकविलेली माणसेही मागावी. खर्च फारसा नाही. शेजारी अनुभव घेतलेली माणसे आहेत. मात्र हे नवे काम आशाताईच्याच डोक्यावर फुकट लादून मोकळे होऊ नये. तिच्या ओझ्याविषयी वर लिहिलेच आहे.

कारखानदार, मुख्याध्यापक आणि अधिकारी ह्यांस एक शब्द. पाळी बदलावयाची तर चार दिवस आधी सांगणे, रात्री फोन न करणे, चुकलेल्या आकड्याबद्दल सर्वांदेखत पाणउतारा न करणे, रजा मागणाऱ्याकडे संशयाने न पाहणे, ह्यांना पैसा पडत नाही. ज्याचे काम त्याला ते कसे करावे हे थोडेफार ठरवू देणे, हा तर वर सांगितलेल्या संशोधनाचा गाभाच आहे.

घरात काय करावे? नवऱ्याने बायकोला किंवा बायकोने नवऱ्याला ‘काय झाले आहे तुम्हांला?’ असे दरडावून विचारल्यास ‘काही नाही’ हेच उत्तर मिळते. ‘अहो, चार दिवस झाले, पहाटे तुम्ही जागेच असता, काय मनात येते तेव्हा?’ असे पाहिलेले सांगून विचारावे. उत्तर आले की उपदेशाची घाई करू नये. दुसऱ्याचे दुःख ह्याहून मोठे होते, ही तुलना तर कधीच करू नये. कर्जाचा आकडा घरच्यांपासून लपविलेला असेल, तर तो एकदा सर्वांसमोर कागदावर मांडावा. लपविलेला आकडा मनात रोज वाढत असतो.

औषधाविषयी दोन गैरसमज आहेत. एक, ह्या गोळ्यांची चटक लागते. झोपेच्या काही गोळ्यांबाबत हे खरे आहे, आणि त्या परस्पर दुकानातून आणून घेऊच नयेत. उदासीनतेवरच्या नेहमीच्या औषधांची तशी चटक लागत नाही. दुसरा, गोळीने चार दिवसांत बरे वाटले पाहिजे. त्यांचा गुण यावयास बहुधा दोन ते चार आठवडे लागतात, आणि बरे वाटू लागल्यावरही डॉक्टर सांगतील तितके महिने त्या घ्याव्या लागतात. एकदम बंद करू नयेत.

मदत कोठे मिळेल, ते सांगून लेख पुरा करतो. भारत सरकारची ‘टेली-मानस’ ही दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. तिचा क्रमांक १४४१६. तो दिवसरात्र चालतो, पैसे पडत नाहीत, आणि मराठीसह अनेक भाषांत बोलता येते. फोन लागल्यावर प्रथम भाषा निवडावी. मध्यप्रदेशातील जिल्हा रुग्णालयांतून ‘मनकक्ष’ सुरू करण्यात आले, तेथेही चौकशी करता येते. नागपूरचे प्रादेशिक मनोरुग्णालय १८६४ पासूनचे आहे. तेथे बाह्यरुग्ण विभागात तपासून त्याच दिवशी घरी परत येता येते, भरती व्हावेच लागते असे नाही. जाताना बरोबर घरचे कोणी तरी असावे, आधीच्या सर्व चिठ्ठ्या आणि चालू गोळ्यांची पाकिटे पिशवीत घ्यावी, आणि झोप केव्हा लागते, केव्हा मोडते, जेवण किती जाते, ह्याची आठ दिवसांची नोंद एका कागदावर लिहून न्यावी. डॉक्टरपाशी वेळ थोडा असतो, आणि आयत्या वेळी नेमके तेच सांगावयाचे राहून जाते.